डाव्या बाजूच्या कळ्या

हल्ली नोकरीचा कौल लावायला कुणी आलं की मी आधी त्याच्यावर खेकसतो. "देवीला काय कळतं रे तुझ्या पीएफमधलं? कागद वाचता येतो ना? मग घरी जा आणि वाच." लोक म्हणतात, आप्पा गुरव म्हातारपणी चक्रम झाला. म्हणू देत. छत्तीस वर्षं मी वाघजाईची पूजा करतोय. तिच्या नावावर काय काय खपवलं जातं ते माझ्याइतकं गावात कुणाला ठाऊक नाही. त्यातलं एक मीच खपवलं. ते सांगतो.

विनोद माझा पुतण्या, थोरल्या भावाचा, अनिलचा एकुलता एक मुलगा. अनिलनं तीस वर्षं मुंबईत एका गोदामात काढली. वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. बायको हौसा इथं, आमच्या गावात. देवरूखहून एसटीनं पाऊण तास आत, आणि पुढं पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून आलात की आमची वाडी. शेत तिनं केलं, गुरं तिनं बघितली, सासूसासऱ्यांचं तिनं काढलं. आणि अनिल कायमचा घरी आला तो कसा? डावं अंग लुळं पडून, रुग्णवाहिकेतून. तेव्हापासून पडवीतल्या खाटेवर आहे. बोलतो ते फक्त हौसाला कळतं.

पोरगा मात्र गुणाचा. लहानपणी शाळा सुटली की थेट देवळात यायचा. समई घासायचा, निर्माल्य काढायचा, फुलं आणायचा. मला मुलगा नाही, म्हणून मी त्याला सगळं शिकवत होतो. पुढं आयटीआय केला, दोन वर्षं अप्रेंटिस झाला आणि गेल्या वर्षी मे महिन्यात एकाच आठवड्यात त्याला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक पुण्याकडं मोठ्या कारखान्यात. दुसरी इकडंच, हायवेच्या पलीकडच्या एमआयडीसीत, केमिकलच्या कंपनीत. पुण्याला बुधवारपर्यंत कळवायचं होतं.

रविवारी दुपारी तो माझ्याकडं एक कागद घेऊन आला. कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारलेली. मी चष्मा लावला.

डावीकडं पुणे. हातात सतरा हजार चारशे. चौघांत खोली, तीन हजार. एक वेळचं जेवण कँटीनमध्ये. पीएफ, ईएसआय, पत्र मिळालंय. दीड वर्षानं परमनंट. बूट, मोजे, गॉगल कंपनीचे. उजवीकडं इथली. हातात चोवीस हजार, रोख. कंत्राटदाराकडून. फाट्यावरून जीप नेते-आणते. खोलीभाडं नाही, घरचं जेवण, बाबांना उचलायला मी. त्याखाली लिहिलं होतं, "पत्र नाही. ईएसआय: नंतर बघू म्हणाले. गॉगल: विचारलं. हसले."

"हे ईएसआय म्हणजे काय रे?"

"काही झालं तर दवाखान्याचा खर्च निघतो, आप्पा. आणि घरी बसलो तरी थोडा पगार मिळतो."

"काय व्हायचंय तुला? बावीस वर्षांचा घोडा तू!"

तो हसला. म्हणाला, "मलापण तसंच वाटतं. पण तिथं पाइपातून जे जातं ते अंगावर उडतं. माझ्याबरोबरचा एक जण महिनाभर होता तिथं. त्याच्या हाताची सालं निघाली. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणतो, पाणी मार आणि कामाला लाग. आकडा मोठा दिसतो, पण मला पुण्याचीच बरी वाटते. खोली धरून हातात चौदा राहतील, घरी आठ पाठवीन. बाबांना उचलायला शेजारच्या सदाच्या पोराला महिन्याला काहीतरी देऊ."

सगळं तोलून मापून आला होता. मी म्हटलं, "मग माझ्याकडं कशाला आलास?"

"आई ऐकत नाही. म्हणते कौल लाव. तुम्ही तिला समजावा ना."

हो म्हणालो मी. अगदी तोंड भरून हो म्हणालो.

संध्याकाळी हौसा आली. हातात नारळ, आणि पदराखाली पितळी डब्यात गरम घावणे. दारात उभी राहिली, आत येईना. ती अशी उभी राहिली की मला कळतं, काहीतरी मागायला आली आहे. आयुष्यात तीनदा मागितलं असेल तिनं.

"भावजी, कौल उद्या सकाळीच लावा."

"अगं वहिनी, पोरगा शहाणा आहे. त्याचं त्याला ठरवू दे की."

"ह्यांचं ह्यांना ठरवू दिलं होतं." आपल्या पडवीच्या दिशेनं मान वळवून ती म्हणाली. "मला नवरा वर्षातून वीस दिवस मिळाला, भावजी. तीस वर्षं. बेरीज केली तर दोन वर्षंपण होत नाहीत. आणि आता मिळालाय तो असा. पोरगा तरी रोज संध्याकाळी माझ्या ताटात जेवू दे. मी जास्त मागतेय का?"

अनिल मुंबईला गेला म्हणून देऊळ, देवळाचा मान आणि वाट्याची जमीन माझ्या हातात राहिली. तो पैसे पाठवत राहिला आणि हौसा राबत राहिली. मी इथं पाटावर बसून नारळ फोडत राहिलो. मनात कुठंतरी ते टोचतच होतं.

"देवीला नीट सांगा हां," ती म्हणाली. नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. तेवढंच. तिनं मला खोटं करायला सांगितलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण मला समजलं, आणि मला समजलंय हे तिलाही समजलं.

आणि लाज सोडून सांगतो, माझापण स्वार्थ होता. अनिलला रोज दोनदा उचलून संडासला न्यावं लागतं. विनोद गेला असता तर ते माझ्या गळ्यात पडलं असतं. सदाचा पोरगा काय, चार दिवस येईल आणि पाचव्या दिवशी क्रिकेट खेळायला जाईल. माझी कंबर गेलीय. रात्रभर मी हौसाचा विचार केला असं मी स्वतःला सांगत होतो, पण कंबरेचाही केला.

कौल कसा लावतात ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमची वाघजाई काळ्या दगडाची. तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवून तिच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या, उजवीकडं पाच, डावीकडं पाच. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडची पडली तर नाही. नियम दोनच. देवीला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. आणि एकदा तिनं सांगितलं की उलटायचं नाही. उलटलं तर घराण्याला भोवतं असं सगळे मानतात. मीपण मानत होतो.

सोमवारी सकाळी दोन मानकरी आले, हौसा आली, विनोद आला. पोरानं आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता. मला वाटतं मुलाखतीला शिवलेला तोच. मी आधीच गाभाऱ्यात जाऊन तयारी करून ठेवली होती. उजव्या कळ्या नुसत्या पाण्यानं टेकवल्या. डाव्या पाचांच्या पाठीला मात्र बोटाच्या टोकानं ओलं गंध लावलं. चंदनाचं दाट गंध सुकलं की दगडाला धरून बसतं. देवीसमोर उभं राहून तिच्याच अंगावर हे करताना माझा हात कापला नाही. तेच मला अजून छळतं.

"आप्पा, दोन्ही नोकऱ्यांची नावं घ्या," विनोद मागून हळूच म्हणाला.

"गाऱ्हाणं मी घालतोय की तू?" मी त्याच्यावर वसकन ओरडलो. "देवीला एकच प्रश्न विचारतात."

मग मी हात जोडले. "आई वाघजाई, तुझ्या अंगणातलं हे लेकरू तुझ्या पायाशी उभं आहे. घराजवळची नोकरी धरली तर त्याचं बरं होईल का? बरं होणार असेल तर उजवी दे."

"होय म्हाराजा," मानकरी म्हणाले.

मिनिटभरात उजवीकडची एक कळी पडली. मग दुसरी. थोड्या वेळानं तिसरी. हौसानं पदर डोळ्यांना लावला. मानकऱ्यांनी विनोदच्या पाठीवर थाप मारली, "नशीबवान आहेस लेका, देवी घर सोडू देत नाही तुला." विनोद डावीकडच्या कळ्यांकडं बघत होता. पाचही जागच्या जागी. त्यानं वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "ठीक आहे, आप्पा." बस्स. वाद नाही, तोंड वाकडं करणं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. वाटलं, पोराची श्रद्धा आहे.

त्या गडबडीत कळ्या काढायचं माझ्याकडून राहिलं. हौसानं पेढे आणलेले, मानकऱ्यांना चहा हवा होता. दिवेलागणीला देवळात गेलो तर देवीचे दोन्ही खांदे स्वच्छ. ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे. गंधाचा डागसुद्धा नाही. वाटलं, झाडूवाली बाई आली असेल. माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. कोण येऊन गेलं, ते मी कुणालाही विचारलं नाही.

पहिले चार महिने सगळं गोड होतं. विनोद सकाळी सहाला फाट्यावर जायचा, रात्री आठला यायचा. पहिल्या पगारात हौसाला साडी, बापाला गादी, मला टॉर्च. हौसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. विहिरीवर बायकांना सांगायची, "माझा घरात जेवतो गो." मी तिला तसं बोलताना ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आप्पा, पाप केलंस पण पुण्याचं काम झालं. कपाळ माझं!

पोराच्या हातांची सालं निघाली होती. दिसत होती मला. तो नारळ सोलताना फडकं गुंडाळायचा. मी एकदा म्हटलं, "गॉगल देतात का रे आता?" तर म्हणाला, "एक आहे, आप्पा. सहा जणांत." मी म्हटलं, मग स्वतः विकत घे. म्हणाला, "घेतला होता. सुपरवायझरनं काढायला लावला. म्हणे, तू घातलास तर सगळे मागतील."

हे ऐकूनही मी गप्प बसलो. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, सोड ती नोकरी, कौल खोटा होता. जीभ रेटली नाही. गावात माझं तोंड काळं झालं असतं ना!

दसऱ्याच्या आधीचा बुधवार. दुपारी दोनला कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला, विनोदला थोडं लागलंय, रत्नागिरीला या. थोडं! पाइपाचा जोड सुटला आणि आतलं सगळं त्याच्या तोंडावर आलं. कॉस्टिक की काय ते. जवळच्या नळाला पाणी नव्हतं. पोरगा डोळे मिटून हातानं चाचपडत दुसऱ्या शेडपर्यंत गेला, तिथं पिंप होतं. तोवर व्हायचं ते झालं होतं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, जीव वाचेल, डोळ्यांचं सांगता येत नाही. आठ दिवसांनी मुंबईला नेलं, तिथं सांगता आलं. दोन्ही गेले.

कंपनी म्हणाली, हा आमचा माणूस नाही. आणि कागदावर तो खरंच कुणाचाच नव्हता. हजेरीत नाव नाही, पत्र नाही, दवाखान्याचं कार्ड नाही. कंत्राटदार एकदा आला, बिस्किटांचा पुडा आणि एक पाकीट घेऊन. म्हणाला, "आम्ही बजावून सांगतो, पण ही पोरं गॉगल घालत नाहीत. त्याचीच चूक आहे." मी त्याची कॉलर धरली. वॉर्डबॉयनं सोडवलं. हौसानं पाकीट घेतलं, कारण औषधाची चिठ्ठी तिच्या हातात होती.

मुंबईच्या त्या हॉस्पिटलात एका दुपारी हौसा डबा धुवायला गेली होती. मी स्टुलावर बसलो होतो. विनोदच्या डोळ्यांवर पट्ट्या. मला वाटलं झोपलाय. मी रडत होतो, आवाज न करता, म्हणजे मला तसं वाटत होतं.

"आप्पा, रडू नका."

"मी कुठं रडतोय?"

मग तो म्हणाला, "त्या कळ्या मी काढल्या."

मला आधी कळलंच नाही. "कसल्या कळ्या?"

"डाव्या खांद्यावरच्या. कौलाच्या दिवशी संध्याकाळी देवळात गेलो होतो. सहाची वेळ झाली तरी पाचही तशाच. एवढा वेळ कळी राहत नाही, आप्पा, तुम्हीच शिकवलंत मला. एक ओढून बघितली तर मागं गंध. मग सगळ्या काढल्या आणि पुसून घेतलं. रात्री आरतीला लोक आले असते. कुणी बघितलं असतं तर तुमची अब्रू गेली असती."

कसाबसा म्हणालो, "मग तेव्हाच बोलला का नाहीस? पुण्याला बुधवारपर्यंत वेळ होता. तुला माहीत होतं, तरी गेलास?"

"घरी आलो तर आई गोड करत होती," तो म्हणाला. "शिरा. बाबांना भरवत होती आणि सांगत होती, आपला विनोद कुठं जाणार नाही. बाबा हसत होते. तिचं सगळं आयुष्य ते, आप्पा. ते कसं मोडू? देवीनं सांगितलंय म्हटल्यावर तिला वाटत होतं की तिनं माझं काही हिरावून घेतलं नाही. मी म्हटलं, दोन वर्षं काढू इथंच, सांभाळून. मग बघू."

मी त्याचे पाय धरले. पुतण्याचे. त्यानं पाय ओढून घेतले, चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"एक करा," तो म्हणाला. "त्या कळ्यांचं मला आधीच कळलं होतं, हे आईला कधी सांगू नका. मला वाटतं, कौल तसा लावायला तुम्हाला तिनंच सुचवलं असणार. मी जाणूनबुजून गेलो हे कळलं तर ती जगणार नाही."

आता आठ महिने झाले. विनोद घरी आहे. पडवीत दोन खाटा, एका खाटेवर बाप आणि दुसऱ्यावर मुलगा. आता अनिलला उचलायला मी जातो, रोज दोनदा. कंबर मोडली तरी जातो. सोबत सदाचा पोरगा असतो. एक दिवस चुकला नाही कार्टा.

कौल मी बंद केला. मानकरी रागावले, बैठक बसली, म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे, असा कसा बंद करतोस? मी म्हटलं, दुसरा गुरव बघा. मिळत नाही म्हणून गप्प आहेत. तो कॅलेंडरचा कागद माझ्याकडंच राहिला होता. पेटीत ठेवलाय. हल्ली कुणी पोरगी नाहीतर पोरगा नोकरीचं विचारायला आला की खेकसून झाल्यावर मी तो काढतो आणि सांगतो, असं लिहून काढ. आणि जिथं ते हसले ना, ते आधी लिही.

पण घरात माझी जीभ बांधलेली आहे. काल संध्याकाळची गोष्ट. अनिलला खाटेवर निजवून मी तिथंच टेकलो होतो. हौसा विनोदला भरवत होती. तो स्वतः जेवू शकतो, शिकलाय हळूहळू. पण तिला भरवायचं असतं आणि तो भरवू देतो. कुळथाचं पिठलं आणि भात. एक घास हातात धरून ती थांबली.

"भावजी, मी रोज स्वतःला विचारते. आज तुम्हाला विचारते. देवी चुकते का हो?"

मी अनिलच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"उजवी पडली होती ना? मी बघितली माझ्या डोळ्यांनी. तीन पडल्या. मग असं का झालं? का देवीला दुसरंच काही सांगायचं होतं आणि आपण..." ती माझ्याकडं बघत होती, त्या दिवशी उंबऱ्यावर नारळ ठेवून बघितलं होतं तशीच. तिला उत्तर हवं होतं आणि उत्तराची भीतीही होती. माझ्या तोंडापर्यंत आलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मी बोललो असतो.

"आई," विनोद म्हणाला, "कौल बरोबर होता. मीच गॉगल घातला नव्हता."

खाटेवर अनिल काहीतरी पुटपुटला. हौसा पोराकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"बघा," ती मला म्हणाली. "किती वेळा सांगितलं असेल मी ह्याला. सांभाळून काम कर, सांभाळून काम कर. ऐकलं कधी आईचं?" आणि डोळे पुसून तिनं तो घास त्याच्या तोंडाशी नेला. "आ कर," म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं.